दिव्यांग कामगार घ्यायचेत, पण मशीनवर अपघात झाला तर?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम आणि कंत्राटी मिळून १८० माणसं. प्रेस शॉप, थोडं सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), असेंब्ली, पॅकिंग आणि वरच्या मजल्यावर ऑफिस. एचआर बघणारी व्यक्ती एकटीच. दिव्यांग कामगार घ्यायला मालकांची ना नाही, पण "मशीनवर काही झालं तर कोण निस्तरणार?" इथे विषय दर वेळी थांबतो. मालकांना काय सांगायचं आणि सुरुवात कुठून करायची?

आधी मालकांच्या भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. फक्त चुकीच्या जागी आहे. तुमच्या प्रेस शॉपमध्ये आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा वर असणार, म्हणजे नियमाने प्रत्येकाच्या कानात प्लग हवेत. प्लग घातलेल्या माणसाला मागून मारलेली हाक ऐकू येत नाही आणि फोर्कलिफ्टचा हॉर्नही नीट येत नाही. म्हणजे त्या शेडमध्ये काम करताना सगळेच कर्णबधिर असतात. तिथली सुरक्षा आज ऐकण्यावर टिकून असेल, तर ती आत्ताच्या १८० माणसांसाठीही टिकाऊ नाही. प्रत्येक मशीनवर लाल-पिवळा-हिरवा टॉवर लॅम्प, फोर्कलिफ्टच्या पुढेमागे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा, आंधळ्या वळणांवर बहिर्वक्र आरसे, चालण्याच्या पट्ट्यांवर ताजा पिवळा रंग, एवढं झालं की कर्णबधिर कामगार सुरक्षित आणि बाकीचेही. मालकांना हे शेडमध्ये उभं राहून सांगा. केबिनमध्ये सांगितलं तर पटत नाही.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. प्रेसवर दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं असतात, हात डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, राहू नयेत म्हणून. एका हाताने काम करणारा माणूस आला की कोणी तरी मायेपोटी त्या बटणांना बगल देऊन पायाचं पेडल जोडून देतो. हे कधीही होऊ देऊ नका. हात मोकळे आणि डाय चालू, हा बोटं जाण्याचा सरळ रस्ता आहे. त्या माणसासाठी तपासणी, गेजिंग (मापं तपासणं), टूल क्रिब (हत्यारांचं स्टोअर), सीएनसीवर हलके जॉब लावणं अशी चांगली कामं आहेत. सोय करायची ती कामाच्या मांडणीत; सुरक्षा-साधनात नाही. हा एक नियम मालकांनी लेखी दिला तरी त्यांची निम्मी काळजी मिटेल. आणि कामावर इजा झालीच, तर ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) कक्षेतल्या दिव्यांग कामगाराला इतर कामगारांसारखाच लाभ मिळतो.

आता सुरुवात. "आमच्याकडे कोणत्या प्रकारचे दिव्यांग चालतील?" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर शोधायला गेलं की कर्णबधिर म्हणजे पॅकिंग, अंध म्हणजे टेलिफोन, पायाने अधू म्हणजे गेटवरचं रजिस्टर, असे जुने साचे बाहेर येतात. त्याऐवजी कामाचा कागद करा. प्रत्येक कामासाठी एक पान, आणि ते सुपरवायझरला विचारून नव्हे, त्या जागी पूर्ण दोन तास उभं राहून लिहायचं. किती वेळ उभं राहावं लागतं, किती किलो उचलावं लागतं आणि कुठून कुठे, एक हात लागतो की दोन, डोळे नेमके कशासाठी लागतात (रंग ओळखायला, बारीक ओरखडा बघायला की नुसतं लेबल वाचायला), कान कशासाठी, कोणाशी बोलावं लागतं, किती पायऱ्या, कोणती शिफ्ट. मग प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे कामामुळे आहे की सवयीमुळे?

हा प्रश्न बरंच काही उघडं पाडतो. डिबरिंगला (भागांच्या धारदार कडा घासायला) आठ तास उभं राहायला लागतं, कारण तिथे स्टूल नाही; कामाला उभं राहण्याची गरज नसते. पॅकिंगमध्ये १२ किलोचा खोका जमिनीवरून उचलतात, कारण रोलर टेबल पुढच्या बेवर आहे. जाहिरातीत "दहावी पास" आणि "स्वतःची दुचाकी" लिहिलेलं असतं, कारण मागच्या जाहिरातीत तसं होतं. या दोन ओळींनी कितीतरी कर्णबधिर आणि पायाने दिव्यांग उमेदवार अर्ज न करताच गळतात. बुश तपासताना गो-नोगो प्लग गेज लागतो (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जायला नको). तो हाताच्या बोटांनी कळतो, त्याला डोळे लागत नाहीत. दहा-बारा कामांचे कागद झाले की चार-पाच जागा आपोआप समोर येतात.

त्याच वेळी आपल्याच माणसांना एक गोपनीय, ऐच्छिक फॉर्म द्या. तुमच्याकडे दिव्यांग कामगार आधीपासून असण्याची दाट शक्यता आहे: एका डोळ्याने न दिसणारा, प्रेसवर पंधरा वर्षं काढून ऐकू कमी आलेला, लहानपणी पोलिओ झालेला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल ऐकणं गेलं तर ऐकण्यात अडचण आणि ७० डेसिबल गेलं तर कर्णबधिर धरतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा नीट असेल तर साधारण ३० टक्के धरतात, म्हणजे आरक्षणाला लागणाऱ्या ४० टक्क्यांत तो बसत नाही. पण वाजवी सोय मागण्याचा हक्क त्यालाही आहे. फॉर्मवर स्पष्ट लिहा की माहिती कोणाकडे राहील आणि कशासाठी वापरली जाईल. नाहीतर कोणी भरणार नाही, आणि न भरणं अगदी शहाणपणाचं ठरेल.

उमेदवार कुठून आणायचे? मुंबईत सायनजवळ दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. कर्णबधिरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. राज्याचं महास्वयंम पोर्टल. आणि जिल्ह्यातल्या विशेष शाळा व कार्यशाळा. शेवटचा मार्ग सगळ्यात दुर्लक्षित आणि बहुधा सगळ्यात उपयोगी. तिथल्या शिक्षकाला मुलाचा हात, सवय, घर, बस सगळं माहीत असतं. त्यांना जाहिरात पाठवू नका. एक दिवस कारखान्यात बोलावून कामाचे कागद हातात द्या आणि जागा दाखवा. कोण जमेल हे ते तुमच्यापेक्षा लवकर सांगतील.

मुलाखतीपेक्षा कामाचा नमुना करून बघणं भरवशाचं. ५० पीस द्या, एकदा करून दाखवा, मग बघा. कर्णबधिर उमेदवाराला मराठीत लेखी परीक्षा घेऊन जोखू नका. खुणांची भाषा त्याची पहिली भाषा असते, मराठी दुसरी. त्याचं लिहिलेलं वाक्य मोडकं दिसतं आणि त्यावरून लोक बुद्धी मोजतात. दुभाष्या बोलवा, पण बोलताना बघायचं उमेदवाराकडे. सोबत आईवडील आले असतील तर त्यांना चहा द्या आणि बाहेर बसवा. "हे कसं झालं?" हा प्रश्न मुलाखतीत नको, "हे काम करताना काय लागेल?" हा हवा.

निवड झाली, ऑफर दिली, आणि आता अशी जागा येते जिथे सगळ्यात जास्त प्रकरणं शांतपणे मरतात: वैद्यकीय तपासणी. बाहेरचे डॉक्टर तयार छापील फॉर्म भरतात. त्यात दृष्टी, श्रवण, हातपाय यांपुढे "सामान्य" किंवा "असामान्य", आणि खाली एकच शिक्का: फिट किंवा अनफिट. कर्णबधिर माणूस त्या फॉर्मवर अनफिटच येणार, काम कोणतंही असो. मालकांना वाटतं डॉक्टर नाही म्हणाले. डॉक्टरांना वाटतं मी फक्त फॉर्म भरला. म्हणून डॉक्टरांना कामाचा कागद आधी पाठवा आणि प्रश्न बदला: "या कामासाठी योग्य आहे का? नसल्यास काय बदल केल्यास योग्य होईल?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलेला अहवाल स्वीकारू नका.

आता शेडमधलं. कर्णबधिर कामगार घेताना एकटा घेऊ नका, निदान दोघं तरी घ्या. पण आठ जणांची वेगळी "मूकबधिर लाइन"ही करू नका. ती फोटोला छान दिसते. वर्षभरात ते एक बेट होतं, त्यांना कोणी काही सांगत नाही आणि त्यांच्यातला कोणी सुपरवायझर होत नाही. दोन-तीन जण मिश्र टीममध्ये हवेत. टीममधल्या चार ऐकणाऱ्यांना आणि सुपरवायझरला २५ ते ३० खुणा शिकवा: थांब, धोका, माल संपला, रिजेक्ट, साहेब बोलावतात, जेवण, पोटात दुखतंय, पगार, सुट्टी, घरी कोणाचं तरी काही झालंय. शेवटच्या दोन-तीन खुणा लोक विसरतात, आणि माणूस नेमका तिथेच एकटा पडतो. सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरने उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं, मास्क खाली, आणि मुद्दे चित्रांसकट फळ्यावर. मीटिंग संपल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका, सगळेच मान हलवतात. "करून दाखव" म्हणा.

कानाचं यंत्र वापरणाऱ्यांबाबत एक बारीक गोष्ट. शेडमध्ये यंत्र चालू राहिलं तर ते आवाज वाढवून कानात सोडतं आणि उरलेलं ऐकणं खराब करतं. यंत्र बंद करून वर इअरमफ, की यंत्र काढून प्लग, हे श्रवणतज्ज्ञाने त्या व्यक्तीसाठी ठरवायचं. सेफ्टी ऑफिसरने अंदाजाने नाही.

आगीच्या वेळचं आत्ताच ठरवा. सायरनबरोबर लुकलुकणारे दिवे शेडमध्ये लावतात, पण शौचालयात, स्टोअरच्या मागच्या रॅकमध्ये आणि कपडे बदलायच्या खोलीत विसरतात. कर्णबधिर माणूस एकटा सापडतो तो याच ठिकाणी. आणि प्रत्येक दिव्यांग कामगारामागे एक नाही, दोन सोबती नेमा, दर शिफ्टला वेगळे. एकच नेमला की ड्रिलच्या दिवशी तो रजेवर असतो.

पायाने दिव्यांग कामगारांसाठी मोजपट्टी घेऊन गेटपासून चालत या. व्हीलचेअरला रॅम्पचा चढ १:१२ लागतो. तुमच्या शेडच्या तीन पायऱ्या १५० मिलिमीटरच्या असतील तर एकूण उंची ४५०, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब, वर दीड मीटर सपाट जागा, रुंदी किमान १२०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना कठडा. लोडिंगला ट्रॉली चढवायला केलेला उभा उतार म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि खाली येताना देव. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शौचालय आतून साधारण २००० गुणिले २२००, कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलिमीटर उंचीवर, दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं. दिव्यांग शौचालय बांधून होतं आणि दोन महिन्यांत त्यात बादल्या, पोछे आणि जुन्या फायली जातात, किंवा कुलूप लागतं आणि चावी सिक्युरिटीकडे. त्या खोलीवर हाउसकीपिंगची नजर रोज पडेल अशी नोंद तपासणी-तक्त्यात घाला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसाने पाणी कमी प्यायला सुरुवात केली तर कारण बहुधा शौचालय असतं.

पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) वापरणाऱ्याला बाजारातला सेफ्टी शू बसत नाही. मापाचा बूट करून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो. तोपर्यंत बुटाची सक्ती नसलेल्या भागात काम द्या. बोटं नसलेल्याला, किंवा कुष्ठरोगातून बरा झालेल्याला, बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन ओळखत नाही. चेहरा ओळखणारं मशीन असेल तर त्याची उंची व्हीलचेअरवरून जमते का बघा. रोज सकाळी गेटवर दहा माणसांसमोर मशीन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत राहणं कोणालाच आवडत नाही.

बौद्धिक दिव्यांगता असलेल्या तरुणांना किटिंग, मोजून पिशव्या भरणं, लेबल लावणं अशी कामं जमतात, पण सांगायची पद्धत वेगळी. काम पायऱ्यांमध्ये तोडा. एका किटमध्ये सहा वस्तू असतील तर सहा खड्ड्यांचा ट्रे करा, खड्डा रिकामा दिसला की वस्तू राहिली. (हा ट्रे एकदा आला की शेजारची लाइनही तो मागते, कारण चुका सगळ्यांच्याच कमी होतात.) पहिले काही आठवडे कार्यशाळेचा प्रशिक्षक सोबत हवा आणि त्याने हळूहळू मागे सरायचं, एका दिवसात निघून जायचं नाही. अचानक लाइन बदलणं, शिफ्ट बदलणं, थट्टा, या तीन गोष्टींनी घडी मोडते. पगार इतरांएवढाच. "त्याला काय कळतंय" म्हणून स्टायपेंड देत राहणं ही चोरी आहे, नाव काहीही द्या.

ऑफिसमध्ये अंध किंवा अल्पदृष्टी व्यक्ती घेताना आधी सॉफ्टवेअर तपासा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो. तो टाका, माउस काढून कपाटात ठेवा, आणि तुमच्या ईआरपीमध्ये (खरेदी-स्टॉक-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक परचेस ऑर्डर फक्त कीबोर्डने करून बघा. जिथे अडलं ती जागा विक्रेत्याला लेखी कळवा. स्कॅन करून चिकटवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला कोरी दिसते. सर्क्युलर टाइप केलेलंच पाठवायची सवय लावली की हा प्रश्न संपतो, खर्च शून्य.

कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्यात येतात. चाकणला विदर्भ आणि नंदुरबारकडून आलेली मुलं बरीच असतात, आणि तिकडे सिकलसेल आहे. त्यांना रॅम्प नको असतो. हाताशी पाणी, भट्टीजवळची किंवा फार थंड जागा नको, आणि वेदनेचा झटका आला तर न भांडता रजा, एवढंच लागतं.

कागदपत्रांचं पटकन. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं: कोणत्या जागा योग्य, निवड कशी, कोणत्या सोयी, प्रशिक्षण, रजा, आणि संपर्क अधिकारी कोण. ते वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावायचं आणि प्रत राज्य आयुक्तांकडे, म्हणजे पुण्यातच, नोंदवायची. सोबत कोण, काय काम, कोणत्या सोयी याची नोंदवही. खासगी कंपनीला आरक्षणाची सक्ती नाही. ४ टक्के सरकारी आस्थापनांना आहे. ५ टक्क्यांचा आकडा कायद्यात आहे, पण तो सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं यासाठी. तुमच्या १८० वर तो नऊ होतो. पहिल्या वर्षी तीन-चार नीट टिकवा. नऊ एकदम घेऊ नका. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण मालकांना दंडाची भीती घालून केलेली भरती टिकत नाही, म्हणून तो मुद्दा शेवटी ठेवा.

पगारपत्रकात दोन चुका हमखास होतात. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायम दिव्यांगत्व असलेल्याला व्यवसाय कर माफ आहे, तरी सॉफ्टवेअर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापत राहतं, वर्षाला २,५०० रुपये. आणि ईएसआयची पगारमर्यादा इतरांना २१,००० असली तरी दिव्यांग कामगाराला २५,००० आहे. पगारवाढ झाली की त्याला चुकून योजनेतून बाहेर काढतात. केंद्र सरकारने मालकाचा ईएसआय-पीएफचा हिस्सा भरण्याची योजना २००८ मध्ये आणली. तुमच्या सल्लागाराला तिची आजची स्थिती विचारा, पण तिच्यावर हिशेब बांधू नका.

पहिले तीन महिने सहसा बरे जातात, सगळ्यांचं लक्ष असतं. माणूस सोडतो तो पुढे, सुपरवायझर बदलल्यावर, दुसऱ्या शिफ्टला बस नसल्यावर, किंवा सोबतचे सगळे ऑपरेटर झाले आणि हा अजून पॅकिंगलाच असल्यावर. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात आणि मार्चच्या बढतीच्या यादीत नाव नसतं. म्हणून सहाव्या महिन्याला दुसरं काम शिकवायचंच, हे पहिल्या दिवशी ठरवा. कंत्राटदारामार्फत घेतलं असेल तर कायम करण्याची तारीख लिहून ठेवा. उत्पादनाचं टार्गेट कमी करू नका, शिकायला वेळ जास्त द्या. तरी कमी पडलं तर आधी फिक्स्चर, उंची, उजेड तपासा. सगळं तपासून झाल्यावरही काम होत नसेल, किंवा दांड्या पडत असतील, तर इतरांना देता तेच ताकीदीचं पत्र द्या. त्याला वगळणं म्हणजे बाकीच्या लाइनला सांगणं, की हा आपल्यातला नाही.

आणि कोणी राजीनामा दिलाच, तर "घरगुती कारण" लिहून फाइल बंद करू नका. दुभाष्याला किंवा कार्यशाळेच्या शिक्षकाला बोलवा, सुपरवायझरला बाहेर ठेवा आणि अर्धा तास बसा. बस, शौचालय आणि सुपरवायझर, या तिघांबद्दल वेगवेगळं विचारा.